हंसाची जीभ

मुरबे गावात मासे खारवताना मीठ बरोबर पडलं की नाही, याचा निवाडा दोनच ठिकाणी व्हायचा. एक गिऱ्हाइकाच्या घरी, पण तोवर उशीर झालेला असायचा. दुसरा हंसाच्या ओट्यावर. शहाणी माणसं हंसाच्या ओट्यावर यायची. पिंपातला मासा तिच्यापुढे धरायची. ती काट्याजवळचा कणभर तुकडा नखाने काढून जिभेवर ठेवायची, डोळे मिटायची आणि सांगायची, "आनी दोन दिस ऱ्हाऊ दे," नाहीतर, "काढ आता, नायतर दगड व्हईल." चाळीस वर्षांत तिचा निवाडा चुकल्याचं कोणी म्हटलं नव्हतं. एखाद्या वेळी चुकलाही असेल, पण ते तिच्या तोंडावर सांगायची छाती गावात कोणाची नव्हती.

बोईसरच्या बाजारातही तोच दरारा. सालवडच्या चाळींत राहणारे कारखान्यातले कामगार संध्याकाळी तिच्या टोपलीपाशी उभे राहायचे आणि एखादा नवखा विचारायचा, "मौसी, नमक ठीक है ना?" हंसा त्याच्याकडे अशी बघायची की तो दुसरा प्रश्न न विचारता मासे घेऊन चालू लागायचा.

अशा या बाईचा डावा खुबा झिजला. एका दिवसात नाही, चांगली सातआठ वर्षं झिजत होता. टोपलीमागे बसलेल्या हंसाला उठवायला आधी एक बाई लागायची, मग दोन लागायला लागल्या, आणि शहाण्णवच्या संक्रांतीच्या आधी तर तिला घरातल्या घरात भिंत धरून चालावं लागलं. बोईसरच्या दवाखान्यातल्या डॉक्टर पुष्पलताबाईंनी फोटो उजेडासमोर धरला आणि सांगितलं, "मावशी, हा सांधा संपला. नवा बसवावा लागेल. मुंबईचे सर्जन इथे पंधरा दिवसांनी येतात, ते करतील."

"नवा म्हंजे कसला?" हंसाने विचारलं.

"धातूचा."

"गंजनार नाय ना? आमी खाऱ्या वाऱ्यातली मानसं."

पुष्पलताबाई माहीमच्या वाडीतल्या, किनाऱ्यावरच वाढलेल्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या की गंजणार नाही. मात्र तिचा रक्तदाब चढलेला होता. त्यासाठी त्यांनी एक गोळी सुरू केली, लघवीवाटे अंगातलं पाणी काढणारी. आणि बजावलं, "खारवलेलं, सुकं काही दिवस बंद. मीठ जरा बेताने." सोबत आलेली सून नलू हे सगळं मान हलवत ऐकत होती. नलू गुणी पोर होती, पण तिचा एक स्वभाव होता: बेताने कर म्हटलं की ती बंदच करून टाकायची.

आता ऑपरेशनची घाई का, ते सांगायला हवं. हंसाचा नवरा दामू तांडेल. तो आणि त्याचा धाकटा भाऊ महादू यांनी दोन वर्षं राबून नवी बोट बांधली होती. बोट किनाऱ्यावर टेकू लावून उभी होती, रंग वाळला होता आणि समुद्रात जायला एवढी उतावीळ दिसत होती की बघणाऱ्यालाच तिची दया यावी. एवढं मोठं धूड पाण्यात लोटायचं तर पुनवेचं मोठं उधाण हवं. माघाची पुनव ठरली होती. अवसेलाही उधाण येतं, पण अवसेला नवी बोट पाण्यात घालायला दामू काय वेडा होता? आणि माघाची पुनव हुकली की थेट होळीची. म्हणजे मासळीचा ऐन महिना बोट वाळूत.

एवढं असूनही दामूने चारचौघांत सांगून टाकलं होतं, "हंसा आपल्या पायांनी चालत येईल, नाळेवर हाताचा छाप मारील, तवा बोट पान्यात जाईल. तवर नाय." नाळ म्हणजे बोटीचं पुढचं टोक. घरच्या लक्ष्मीने तिथे कुंकवाचा हात उमटवल्याशिवाय त्यांच्या घरातली एकही बोट पाण्यात गेली नव्हती. महादू म्हणाला, "दादा, वयनीला पाटावर बसवून आनू, चार मानसं उचलतील." दामूने त्याच्याकडे असं पाहिलं की महादूने नंतर दोन दिवस त्याच्यासमोर विडी ओढली नाही.

म्हणजे हंसाच्या एका खुब्यावर आता आख्खी बोट अडून बसली होती.

आणि त्याच आठवड्यात तिची जीभ गेली.

झालं असं की दुपारी ती जेवायला बसली. नलूने बोंबलाचं ताजं कालवण केलं होतं. पहिला घास तोंडात गेला आणि हंसा थांबली. मीठ नव्हतं. कमी नव्हे, नव्हतंच. ती नलूवर ओरडणार, तेवढ्यात तिने समोर पाहिलं. दामू मान खाली घालून भुरके मारत होता. हा माणूस मीठ चिमूटभर कमी झालं तर ताट सरकवणारा. नलूही मुकाट जेवत होती.

"कालवन बरं झालंय ना?" हंसाने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"झकास," दामू म्हणाला, वर न बघता.

हंसाने मनात हिशेब केला. तीन माणसं एकाच टोपातलं जेवतात, त्यांतली दोन गपगुमान जेवतात, मग अळणी काय, कालवण की तिसरीची जीभ? रात्री तेच. दुसऱ्या दिवशी तेच. चहातली साखर कळत होती, मिरची झोंबत होती, चिंच आंबट लागत होती. देवाने बाकी सगळं ठेवून नेमकं मीठ तेवढं काढून नेलं होतं. ती नवी गोळी, दुसरं काय! मिठाच्या बरणीत बोट घालून एकदा खात्री करावी असं तिला दहा वेळा वाटलं. पण बोट जिभेवर ठेवलं आणि काहीच कळलं नाही तर? दर्यावर कोणाला न घाबरणारी ही बाई मिठाच्या बरणीला घाबरली.

तिने कोणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी काय? सोनार आंधळा झाला तर लोक हळहळतात. खारवणारीची जीभ गेली तर लोक हसतात. ओट्यावर मासा दाखवायला कोणी आलं तर ती म्हणायची, "आता खुब्याचं होऊ दे, मग बघू."

ऑपरेशन छान झालं. मुंबईच्या सर्जननी हात पुसत सांगितलं की बाईंचं हाड सागवानासारखं आहे, आणि ते त्यांच्या गाडीने निघून गेले. दुसऱ्या दिवशी हंसाला वॉकर धरून उभं केलं. ती उभी राहिली आणि थक्क झाली. टाक्यांची ठणक होती, पण हाडावर हाड घासल्याची ती जुनी कळ नव्हती. आठ वर्षं ठाण मांडून बसलेला पाव्हणा एका दिवसात न सांगता निघून गेला होता. ती रडायलाच लागली. नर्सला वाटलं, दुखतंय. "नाय गो बाय," हंसा म्हणाली, "दुखत नाय म्हनून रडते."

दहाव्या दिवशी घरी सोडू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पुनव बाराव्या दिवशी होती. हिशेब मस्त जुळत होता.

मग गाव दवाखान्यात लोटलं. मुरब्याचा माणूस आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जात नाही, आणि ऑपरेशन झालेल्या माणसाला शहाळं चांगलं, हे मुरब्यात लहान पोरालाही ठाऊक. जयवंती आली, दोन शहाळी. साखरबाई आली, तीन. महादू तर अख्खी पेंढीच घेऊन आला. खाटेखाली शहाळ्यांचा ढीग असा लागला की झाडूवाली बाई रोज नव्याने शिव्या द्यायची. आणि समोर माणूस बसून "पी गो, अंगात ताकद येईल" म्हणत असताना नाही कसं म्हणायचं? हंसा पीत राहिली. जेवण मात्र तिला जाईना. घरून नलूचा डबा यायचा, तोच अळणी. ती दोन घास खाऊन डबा बंद करायची आणि वर शहाळं प्यायची.

चौथ्या दिवशी तिचं डोकं जड झालं. मळमळायला लागलं. नर्स थर्मामीटर घेऊन आली तर हंसाने तिला ऐकवलं, "एवढा बारीक बोंबील? उचल, दुसरा दाखव." सगळा वॉर्ड हसला. हंसाही मागाहून हसली, पण डॉक्टर पुष्पलताबाई हसल्या नाहीत. त्यांनी तिचं रक्त तपासायला पाठवलं आणि दुपारी कागद हातात घेऊन त्या खाटेपाशी येऊन बसल्या.

"मावशी, तुमच्या रक्तातलं मीठ उतरलंय," त्या म्हणाल्या.

हंसा मनात म्हणाली, म्हणजे खरंच! आधी जिभेवरून गेलं, आता रक्तातूनही चाललं.

"सांधा बदलल्यावर अशा गोष्टी होतात," डॉक्टरीणबाई समजावत होत्या. "रक्त थोडं कमी होतं, तसं तुमचंही झालंय, त्याची मला काळजी नाही. पण मीठ एवढं उतरायला नको होतं. आता बघा, तुमचं वय साठीच्या पुढे. बाईमाणूस, अंगाने बारीक. त्यात ती पाणी काढणारी गोळी, ती पाण्याबरोबर मीठही नेते. ऑपरेशन झालं की शरीर आपलं पाणी धरून ठेवतं. आणि हे..." त्यांनी वाकून खाटेखाली पाहिलं. "हे शहाळ्यांचं दुकान कुणाचं?"

"गावानं आनलंय."

"दिवसाला किती पिता?"

"सहा. साखरबाई बसली तर सात."

पुष्पलताबाईंनी कपाळाला हात लावला. "यातलं एकेक कारण लहान आहे हो. एक बोट लागलं तर कुणाला काही होत नाही. पण पाची बोटं मिळाली की बुक्का बसतो. गोळी आजपासून बंद. शहाळी बंद. पाणीसुद्धा मी सांगेन तेवढंच. अंगात पाणी जास्त झालं की मीठ पातळ होतं." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "जेवणात मीठ असतं ना नीट?"

हाच तो प्रश्न. खरं सांगायचं तर तिला म्हणावं लागलं असतं, मला लागत नाही. मग कोणीतरी डबा चाखला असता, म्हणालं असतं, मीठ तर झकास आहे. आणि तासाभरात सातपाटीपर्यंत बातमी गेली असती की हंसाची जीभ मेली.

"आमच्या घरात मीठ नसंल तर मग कोनाच्या घरात असंल?" हंसा ठसक्यात म्हणाली.

डॉक्टरीणबाईंना ते पटलं. कोळणीच्या डब्यात मीठ आहे का, हे कोण तपासून बघणार?

दोन दिवसांनी पुन्हा रक्त तपासलं. थोडं चढलं होतं, पण फारच थोडं. डोकं हलकं झालं होतं, मळमळ थांबली होती. तरी पुष्पलताबाईंची भुवई वरच राहिली. "गोळी थांबवली, पाणी आवरलं, मग एवढं हळू का?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. नंतर हंसाला म्हणाल्या, "हे नीट वर आल्याशिवाय मी सोडणार नाही. घरी जाऊन चक्कर आली, पडलात, तर नवा सांधा निखळेल."

"पन पुनव?"

"पुनव दर महिन्याला येते, मावशी."

त्या दिवशी दामू भेटायला आला. नाकातोंडावरून टॉवेल गुंडाळलेला, फक्त डोळे दिसत होते. गेले काही दिवस तो असाच येत होता. सर्दी झालीय म्हणायचा, पण शिंकताना त्याला कोणी पाहिलं नव्हतं. तो स्टुलावर बसला आणि हंसाने सांगितलं ते ऐकून नुसता टॉवेल चाचपत राहिला. शेवटी म्हणाला, "तू घाबरू नको. बोट थांबंल."

"महिनाभर?"

"लागलं तर वरीसभर."

तो गेल्यावर हंसा भिंतीकडे तोंड करून पडली. दोन वर्षं त्या माणसाने हातांची सालं काढून बोट बांधली होती, आणि हिच्यामुळे ती वाळूत उभी राहणार होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा आला. हंसाने उघडलासुद्धा नाही. वॉर्डात सोमी नावाची आया होती, जव्हारकडची, डोंगरातली. काळीसावळी, काटक, फार बोलायची नाही. ती लादी पुसत होती. हंसाने तिला हाक मारली. "सोमे, हे घे. चांगलं सरंग्याचं कालवन हाय, फुकट जाईल."

सोमी तिथेच खाली बसली, भात कालवला आणि घास घेतला. चावता चावता थांबली. दुसरा घास घेतला, तो जरा हळू चावला. मग मान वर करून हंसाकडे बघत म्हणाली, "बाय, रागवू नका. पन यात मीठच नाय."

हंसा उठून बसली. इतक्या झटक्यात की नव्या खुब्यानेही तोंडात बोट घातलं असेल. "काय बोललीस?"

"मीठ नाय. एक खडाबी नाय. आमी डोंगरातली मानसं, आमच्याकडे मीठ बाजारातून आनावं लागतं, तरी आमी इतकं अळनी खात नाय. तुमी तर दर्याच्या काठाला..."

"सोमे, मीठ आन! धावत जा!"

सोमी स्वयंपाकघरातून मूठभर मीठ घेऊन आली. हंसाने त्यातले चार कण उचलले. गावदेवीचं नाव घेतलं, डोळे मिटले आणि कण जिभेवर ठेवले.

खारट! असं खारट, असं झणझणीत, भरतीची लाट तोंडावर आपटावी तसं खारट! चाळीस वर्षं रोज चाखलेली ती चव धावत येऊन तिच्या जिभेवर बसली, आणि हंसा मोठ्याने हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. तिने सोमीला जवळ ओढलं आणि मिठाच्या हातांनीच तिचे गाल कुरवाळले. पलीकडच्या खाटेवरच्या काशीबाईंना वाटलं, हिचं डोकं परत फिरलं. त्यांनी घंटा वाजवली.

पण जीभ शाबूत, तर मग डबा अळणी का? आणि दामूने "झकास" म्हटलं होतं ते काय? हंसाचा सगळा दरारा एका क्षणात परत आला. नलू रिकामा डबा न्यायला वॉर्डाबाहेर थांबली होती. हंसाने तिला आत बोलावलं, समोर बसवलं आणि डब्यातला एक घास तिच्या तोंडात घातला.

"कसं हाय?"

"बरं हाय, आये."

"मीठ?"

नलूने घास गिळला. मग तिचा चेहरा रडवेला झाला. "आये, मना नको इचारू. बाबांनी शपथ घातलीय. तुना सांगायचं नाय."

एवढ्यात काशीबाईंची घंटा ऐकून डॉक्टर पुष्पलताबाई येऊन ठेपल्या. त्यांना दोन वाक्यांत सगळं कळलं आणि त्या नलूकडे वळल्या. पण नलूने तोंड मिटलं ते मिटलंच. शपथ म्हणजे शपथ. सुटका केली ती सोमीने. ती फडकं पिळत शांतपणे म्हणाली, "तुमची शपथ हिला न सांगायची हाय ना? मना सांगा की."

नलूने क्षणभर विचार केला. खरंच, शपथेत सोमीचं नाव नव्हतं. तिने हंसाकडे पाठ फिरवली, सोमीकडे तोंड केलं आणि बांध फुटला. "सोमीबाय, ऑपरेशन ठरलं त्या दिशीच बाबांनी गावदेवीला नवस बोलला. हंसा आपल्या पायांनी बोटीपाशी येईल तवर मीठ खानार नाय. नवस बोलून दाखवला की फळत नाय, म्हनून मनाच तेवढं सांगितलं, मी रांधते म्हनून. आता घरातला मोठा मानूस अळनी जेवनार, मग आमी मीठ घालून कसं जेवायचं? मी सगळ्यांचंच अळनी केलं, एकाच टोपात. डाक्टरीनबाई बोलल्या व्हत्या, आयेला मीठ बेतानं. मना वाटलं, एका दगडात दोन पक्षी. आनी आये काय बोलंना, तवा वाटलं, तिला समजलंय नि ती गप खातेय."

हंसा गप्प खात होती कारण तिला वाटत होतं आपली जीभ गेली. नलू गप्प होती कारण तिला वाटत होतं सासूला कळलंय. आणि दामू गप्प होता कारण त्याला नवस फळायला हवा होता. तिघांच्या गप्प राहण्याने मिळून एका बाईच्या रक्तातलं मीठ उतरवलं होतं.

"आनी तो टावेल?" हंसाने हळूच विचारलं, सोमीला.

सोमीने नलूला विचारलं, "आनी तो टावेल?"

"जुन्या बोटीवर लाटंचं पानी तोंडावर येतं ना," नलू सोमीला म्हणाली. "व्हटांना खारं पानी लागलं तर नवस मोडंल. म्हनून बाबा तोंड बांधूनच बोट चालवतात. आता सवयच पडलीय."

डॉक्टर पुष्पलताबाई कागदाआड तोंड लपवून हसत होत्या. हंसा हसली नाही. पन्नास वर्षं दर्यावर काढलेला हा माणूस, ज्याच्या कातडीतच मीठ मुरलेलं, तो बायकोच्या खुब्यासाठी लाटांपासून ओठ लपवत फिरत होता. आणि तिला वाटलं होतं, याला कालवण आवडलं.

"मी विचारलं तेव्हा खरं का नाही सांगितलंत?" डॉक्टरीणबाई आता रागावल्या. "पाच कारणं मी शोधली, सहावं तुम्ही डब्यात झाकून ठेवलंत. आजपासून माझ्यासमोर, मीठ घातलेलं जेवायचं."

त्या दिवशी हंसा पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशी नलूने घरी दोन टोप मांडले, एक मिठाचा, एक अळणी, आणि मिठाचा डबा बोईसरला आणला. पुनवेच्या आदल्या दिवशी रक्ताचा कागद आला, तो बघून पुष्पलताबाईंची भुवई खाली आली. "चढलं," त्या म्हणाल्या. "जा उद्या सकाळी. पण वॉकर सोडायचा नाही, मांडी घालायची नाही, आणि आठ दिवसांनी रक्त दाखवायला यायचं. शहाळं न घेता."

संध्याकाळी दामू आला, टॉवेल बांधून. उद्या सोडणार हे ऐकल्यावर त्याचे डोळे असे चमकले की उरलेला चेहरा दिसायची गरजच नव्हती. डोळे मात्र खोल गेले होते, हंसाच्या ते आता लक्षात आलं.

"सर्दी हाय काय रे अजून?" तिने विचारलं.

"हाय थोडी."

"व्हईल बरी पुनवेला," ती म्हणाली आणि दुसरीकडे बघायला लागली. त्याचा नवस होता, त्याने तो पुरा करायचा होता. आपल्याला काही ठाऊकच नाही, असं तिने ठरवून टाकलं.

पुनवेला सकाळी टेम्पोत गादी घालून तिला मुरब्याला आणलं. किनाऱ्यावर आख्खं गाव जमलं होतं. महादूने घरापासून बोटीपर्यंत वाळूवर फळ्या अंथरल्या होत्या, वॉकर रुतू नये म्हणून. दुपारचं उधाण चढत होतं आणि पाणी बोटीच्या बुडाला लागलं होतं. हंसाने वॉकर पुढे टाकला, मग पाय, मग पुन्हा वॉकर. साखरबाई पुढे होऊन हात द्यायला लागली, तर हंसा म्हणाली, "सर बाजूला. तुझ्या शहाळ्यांनी मना मारलं असतं." लोक हसले. ती चालत राहिली. तिच्या मागे दोन पावलांवर दामू चालत होता, तोंड बांधून, आणि तिच्या प्रत्येक पावलाबरोबर त्याचेही ओठ टॉवेलाआड हलत होते.

ती नाळेपाशी पोहोचली. नलूने कुंकवाची परात धरली. हंसाने उजवा तळवा बुडवला आणि ताठ उभी राहून नव्या रंगावर दाबला. पाची बोटं उमटली. मग शंभर हात बोटीला लागले, आरोळी उठली, टेकू निघाले आणि बोट घसरत, डुलत पाण्यात गेली, एकदा डावीकडे कलली, सावरली आणि तरंगायला लागली. किनारा ओरडून ओरडून बेभान झाला. दामू ओरडला नाही. तो हंसाच्या शेजारी उभा राहून रडत होता.

हंसाने पदराची गाठ सोडली. आत केळीच्या पानात भाजलेल्या, खारवलेल्या सुरमईचा तुकडा होता. तिने त्यातला कणभर काट्याजवळून काढला, जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि मान डोलावली. मग हात वर करून दामूच्या तोंडावरचा टॉवेल स्वतः सोडला आणि उरलेला तुकडा त्याच्या तोंडात घातला.

दामू चावला. त्याचे डोळे मोठे झाले, तोंड वाकडं झालं आणि तो चारचौघांत ओरडला, "आये गो! लई खारट हाय!"

गाव एकदम चिडीचूप झालं. हंसाने त्याच्याकडे पाहिलं, आणि तिचं हसू आवरेना.

"मीठ बरोबर हाय," ती म्हणाली. "चाळीस वरसांत माझी चूक काढनारा तू पयला. आजच्या दिसापुरतं माफ."

दामू घास चावता चावता थबकला. "तुना कोनी सांगितलं?"

"कोनी नाय रे," हंसा म्हणाली आणि त्याच्या ओठावरचा मिठाचा कण बोटाने टिपून आपल्या तोंडात टाकला. "मना जीभ हाय ना."